पेठेतली अकरा दारं

झेरॉक्सवाल्याने सातही प्रती टेबलावर आपटून सारख्या केल्या, कोपऱ्यात पिना मारल्या आणि गठ्ठा तिच्यापुढे सरकवला, तेव्हा तिला त्याचा अंगठा दिसला. अंगठ्याच्या पेराला निळी शाई लागली होती. एवढंच झालं. दिवसभर यंत्राशी झटापट करणाऱ्या माणसाच्या हाताला शाई लागणार नाही तर काय लागणार? पण गठ्ठ्याकडे गेलेला तिचा हात मध्येच थांबला. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं तिला वाटलं. असाच निळा अंगठा तिने पंधरा दिवसांपूर्वी पाहिला होता. शिंप्याचा. कापडावर रेघा मारायच्या खडूने निळा झालेला. आणि त्यानंतर अर्ध्या तासाने, चार दुकानं पलीकडे, टोपी भुवयांपर्यंत ओढून सायकलच्या तारा तपासत बसलेला जो माणूस होता, त्याचाही अंगठा निळा होता. सायकलवाल्याचा अंगठा काळा असतो. हे कुणीही सांगेल. झेरॉक्सवाल्याने काही राहिलं का म्हणून विचारलं. तिने मान हलवली, गठ्ठा छातीशी धरला आणि बाहेर आली. फुटपाथवर उभं राहून तिने पहिल्या प्रतीचं तिसरं पान उघडलं. पेठेतील चालू दुकाने : अकरा. स्वतंत्र व्यावसायिक : अकरा. अक्षर तिचंच होतं, नेहमीपेक्षा जरा ठसठशीत. खोटं सांगताना माणूस आवाज चढवतो, तसं.

तिची संस्था लहान गावांना उभं राहायला मदत करायची. उभं राहायला म्हणजे काय, हे मात्र तक्त्यात ठरलेलं असायचं. ज्या गावाच्या पेठेत निदान नऊ जण आपापला धंदा करतात, ते गाव जिवंत. त्याच्या पेठेवर छप्पर, रस्त्यावर दिवे, माल ठेवायला एक गोदाम, आणि मुख्य म्हणजे दिवसातून दोनदा आत येणारी बस. नऊपेक्षा कमी असतील तर ते गाव दुसऱ्या यादीत. दुसऱ्या यादीतल्या गावांचं टपाल, दवाखाना, बसचा थांबा, सगळं हळूहळू हमरस्त्यावरच्या मोठ्या गावाकडे सरकवायचं. त्या यादीला ऑफिसात कुणी नाव ठेवलं नव्हतं. ‘ती यादी’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं. घरातल्या एखाद्या दुखण्याचं नाव घेत नाहीत, तसं. गावोगाव जाऊन मोजायचं काम तिचं. आठ वर्षं ती मोजत होती. आज चार वाजता समिती बसणार होती, आणि तिच्या हातातल्या अकरा या आकड्यावर एक गाव उभं राहणार होतं किंवा उठणार होतं.

ऑफिस दहा मिनिटांवर, पण तिची पावलं पडत नव्हती. त्या दिवशीची पेठ तिच्या पुढे पुढे चालत होती. वेशीवर तिला घ्यायला आली होती ती खिळे, कड्या, बिजागऱ्या विकणारी बाई. तिला सगळं गाव खिळेवाली म्हणायचं आणि तीही स्वतःची ओळख तशीच करून द्यायची. साठीची, आडव्या बांध्याची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. चालणं गोगलगायीचं. प्रत्येक उंबऱ्याशी ती थांबायची आणि पुढच्या दुकानाची कुळकथा लावायची. हे दुकान अमक्याच्या आजोबांनी काढलं, तेव्हा इथे फक्त लाकडी फळी होती, त्या फळीवर एकदा मांजर व्यालं. तेव्हा तिला वाटलं होतं, किती बोलते ही बाई. आता, सिग्नलपाशी उभी असताना, तिच्या लक्षात आलं की बाई बोलत नव्हती, वेळ काढत होती. कारण प्रत्येक गोष्ट संपायच्या बेतात असताना आतून काहीतरी खुडबुडायचं आणि मगच बाई म्हणायची, चला पुढे. घड्याळवाला धापा टाकत होता. मुंगीएवढा स्क्रू चिमट्यात धरून बसणाऱ्या माणसाला धाप लागायचं कारण काय? चपलांच्या दुकानातल्या बाईला शिंक आली होती, ती तिने नाक दाबून मागे परतवली. आणि धान्याच्या दुकानात, पोत्यांच्या मागून, तीच शिंक व्याजासकट बाहेर पडली. प्रत्येक दुकानाच्या मागच्या भिंतीला पोत्यांची थप्पी होती. चपलांच्या दुकानातसुद्धा. चपलांना पोती कशाला लागतात, असं तिने विचारलं नव्हतं. सिग्नल हिरवा झाला, लोक तिला वळसा घालून गेले. अकरा दुकानं, आणि माणसं? तिने बोटांवर मोजलं. शिंपी आणि सायकलवाला एक. घड्याळवाला आणि तेलवाला, दोघांचीही उजवी भुवई तुटलेली, तेही एकच. शिंकणारी बाई, चपला, धान्य आणि बांगड्या तिन्हीकडे. वह्या-पेन्सिली विकणारा म्हातारा, तोच टोपलीवाला आणि कुलूपवालाही असणार. आणि खिळेवाली. एका हाताची बोटं पुरली.

फसवलं मला, असं तिने मनात म्हणून पाहिलं. राग येईल असं वाटलं, आला नाही. उलट कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कारण चोर पकडला गेल्यावर जे होतं ते तिला होत होतं. तिने ती शिंक ऐकली होती. ऐकून तक्त्यात मान घातली होती. न दिसण्यासाठी माणसाला किती बारीक बघावं लागतं! ऑफिसच्या जिन्यावर, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिथे खिडकीतून मागच्या इमारतीचे फक्त पाइप दिसतात, तिथे ती थांबली आणि तिला आपले पाय आठवले. अनवाणी, आठ वर्षांचे. शाळेच्या मागच्या भिंतीला घासून, चिखल चुकवत पळणारे. आईची शाळा होती ती. लहानशा गावातली, एक लांब खोली, मध्ये फळ्यांचे आडोसे घालून केलेले चार वर्ग आणि चारही वर्गांना मिळून एक बाई, म्हणजे आई. तपासणीला साहेब येणार होते आणि प्रत्येक वर्गात निदान सहा मुलं हवीत असा नियम होता. चौथीत पाच होती. तिसरीत सात. तेव्हा तिने तिसरीत बसायचं, साहेब दुसरीकडे वळले की खिडकीतून उडी टाकायची आणि मागून जाऊन चौथीत बसायचं, असं ठरलं. कुणी ठरवलं? आईनेच. रात्रभर तिला झोप आली नव्हती, भीतीने नव्हे, ऐटीने. चौथीत बसायचं होतं ना! तिसरीत साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं आणि विचारलं, सात सक? तिने बेचाळीस म्हटलं. मग खिडकी, चिखल, चौथीचं सतरंजीचं टोक. धाप आवरते न आवरते तोच साहेब आडोशापलीकडून आले, सगळ्यांवरून नजर फिरवली, तिच्यावर थांबले आणि अगदी सावकाश म्हणाले, “आणि पुढे?” जिभेला कुठली अक्कल? ती एकोणपन्नास म्हणून मोकळी झाली. म्हटल्यावर तिला हसू आलं, साहेबांनाही आलं, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते निघून गेले. आई फळ्याकडे तोंड करून उभी होती. ती बराच वेळ वळली नाही.

त्या माणसाचा चेहरा तिला आता आठवत नव्हता, हसू मात्र आठवत होतं. चांगला माणूस. आपल्याला पकडलं आणि सोडून दिलं. मोठी झाल्यावर ती कुठलीही तपासणी करायला गेली की मनाच्या तळाशी ते हसू असायचं. त्या दिवशी पेठेत तिने मान खाली घातली ती त्याच्याच उसन्या हसूने. मग आज जिन्यात उभं राहून जीव असा खालीवर का होत होता? तिने फोन काढला आणि आईला लावला. आई दादाकडे राहायची, दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर, आणि सकाळी अकराला फोन आला की आधी कोण आजारी आहे ते विचारायची. कुणी नाही, असं सांगून तिने एकदम विचारलं, त्या तपासणीच्या साहेबांनी तेव्हा काय लिहिलं होतं? आईला कुठली तपासणी हे सांगावं लागलं नाही. एवढी वर्षं ते तिच्याही उशाशी असणार.

“चांगलंच लिहिलं गं,” आई म्हणाली. “चारही वर्ग व्यवस्थित भरतात, शाळेला काही लागत नाही.”

“मग बरंच झालं की.”

“काही लागत नाही म्हणून लिहिलं, म्हणून काही आलं नाही. दुसऱ्या बाई मिळाल्या नाहीत, खोली मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी शाळा मिटली.”  मागे दादाकडच्या लिफ्टचा दरवाजा वाजला. “त्यांचा काय दोष? मी दाखवलं तेवढं त्यांनी पाहिलं. वर झाकलेलंही पाहिलं आणि वाटलं, बिचारी, जाऊ दे. बिचारी म्हणून सोडलं की माणूस पुढे काही विचारत नाही बघ.”

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आईने हे आपल्याला कधीच का नाही सांगितलं? आणि लगेच वाटलं, आपण कधी विचारलं? आपणही आईला बिचारी म्हणून सोडूनच दिलं होतं. जिन्यावरून एक शिपाई फायली घेऊन उतरला, तिच्याकडे बघून हसला. ती वर गेली. टेबलापाशी बसून तिने सातही प्रती पुढ्यात मांडल्या. बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी ड्रिल चालवत होतं, त्याचा आवाज खुर्चीच्या पायातून वर चढत होता. पेन उघडायचं, बंद करायचं. अकरा ठेवलं तर गावाला छप्पर मिळेल, गोदाम मिळेल, अकरा जणांसाठी. आणि वर्षभराने कुणीतरी तिच्यापेक्षा कमी दयाळू माणूस जाईल, शिंकेचा माग काढेल, आणि मग ते गाव खोटारडं म्हणून कायमचं पुसलं जाईल. पाच लिहिलं तर आजच पुसलं जाईल. मधला रस्ता तिने बराच वेळ शोधला. नऊ लिहावं का? असंही एकदा मनात आलं, आणि त्या नऊची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. पावणेचारला तिने सातही प्रतींवर दोन्ही ओळींतले अकरा खोडले, वर पाच लिहिलं आणि बाजूला सही केली. सात वेळा. सातव्या सहीला हात स्थिर झाला होता, तेही तिला आवडलं नाही.

साहेबांनी ते दारातच पाहिलं. साहेब म्हणजे समितीचे प्रमुख; निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आवाज नेहमी अर्धाच काढायचे, उरलेला अर्धा जणू पेन्शनीसाठी जपून ठेवलेला. पंधरा दिवसांत सहा माणसं गेली कुठे, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नव्हतीच. साहेबांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. अकरा लिहून आणलेलं गाव आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी स्वतःच्या हाताने बुडवत होतं आणि त्यांना त्याचं कारण हवं होतं. मी नीट पाहिलं नव्हतं, एवढंच ती म्हणाली. मीटिंगमध्ये त्या गावाला चार मिनिटं लागली. पाच? पाच. मग प्रश्नच नाही. कुणीतरी खिडकी लावून घेतली, ड्रिलचा आवाज बारीक झाला, पुढच्या गावाचा नकाशा टेबलावर पसरला गेला. गाव ‘त्या यादी’त गेलं, आणि साहेबांच्या शिपायाने बशीत बिस्किटं आणून ठेवली. तिने एक उचललं. ते हातात धरून ती उठली आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये आली. पत्र आठवड्याने जाईल. पण पत्रातून कळण्याआधी आपल्या तोंडून कळावं, एवढं तरी आपण देणं लागतो, असं तिला वाटलं. किंवा कदाचित कुणीतरी आपल्याला चांगलं खडसवावं, असं वाटत असेल.

खिळेवालीने फोन उचलला तेव्हा ती काहीतरी तोलत असावी, मागे लोखंडाचा आवाज होता. तिने सगळं एका दमात सांगितलं. मी अकरा लिहिलं होतं, आज पाच केलं, गाव मदतीच्या यादीतून गेलं. पलीकडे वजन फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

“पाच लिहिलंत,” खिळेवाली म्हणाली. “आणि दुकानं किती लिहिलीत?”

“तीही पाचच म्हणायची ना. बाकीची त्या दिवसापुरती उघडली होतीत तुम्ही.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?” आता आवाज चढला. “त्या दिवसापुरती? अहो, चार वर्षं झाली, अकराच्या अकरा रोज उघडतात. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. मी चोपन्नाव्या वर्षी घड्याळ उघडायला शिकायला लागले. सायकलवाला जाण्याआधी वर्षभर त्या शिंप्याला पंक्चर शिकवत होता, खोकत खोकत. ज्याला जे येतं ते त्याने बाकीच्यांना शिकवायचं, असं ठरवलं आम्ही, पोरं शहरात गेली तेव्हा. मागच्या भिंती फोडल्या. इकडून शिरलं की थेट टोकापर्यंत आतल्या आत जाता येतं. दारात घंटा आहे. गिऱ्हाईकाने वाजवायची, जो मोकळा असेल तो येतो.”

“मग त्या दिवशी...”

“त्या दिवशी घंटा काढून ठेवल्या. भिंतींच्या भोकांना पोती लावली. तुमच्या तक्त्यात मालकाचा रकाना आहे ना, तो आम्ही आधी मागवून वाचला होता. म्हटलं, शहरातली माणसं येणार, त्यांना एकाच माणसाने सुईपण विकायची आणि सायकलपण बघायची हे दिसलं तर काय म्हणतील? पाहुणा आला की फाटकी सतरंजी आत टाकतोच ना माणूस.”

ती भिंतीला टेकली. हातातलं बिस्किट कधी चुरलं ते तिला कळलं नव्हतं. आठ वर्षं ती गावं मोजत होती, आणि जे मोजायला जावं ते नेमकं पोत्यांच्या मागे ठेवलं गेलं होतं. आणि तिने ती पोती पाहिली होती. आईचे ते आडोसे. एरवी चौथीची मुलं पहिलीला गोल करून बसवायची आणि अक्षरं गिरवून घ्यायची, आई नुसती मधून फिरायची, ते सगळं तपासणीच्या दिवशी बंद होतं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण पलीकडे लांबवर कुठेतरी घंटा वाजली.

“थांबा, कुणीतरी आलंय,” म्हणून खिळेवालीने फोन तसाच फळीवर ठेवला.

पावलं निघाली. गोगलगायीची नव्हेत; जड, पण झपझप. फरशीवरून लाकडावर, लाकडावरून पुन्हा फरशीवर. आवाज लहान होत गेला आणि तरी ऐकू येत राहिला, एका खोलीतून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. एकदा कुणालातरी वाटेत काहीतरी म्हणाल्याचा आवाज, कुणीतरी हसल्याचा. तिला भिंतींमधली ती दारं एकामागे एक दिसायला लागली. मीटिंगच्या खोलीचं दार उघडून साहेबांनी मान बाहेर काढली आणि पुढच्या गावाचे कागद कुठे आहेत म्हणून विचारलं.   आत्ता हा फोन बंद केला तर पुन्हा सगळं सांगावं लागेल, आणि सांगितलेलं कुणाला पटतं? ती त्यांच्या शेजारून आत गेली, फोनचा आवाज मोठा केला आणि तो नकाशाच्या मधोमध ठेवला. जरा ऐका, म्हणाली. कुणीतरी हे काय चाललंय असं विचारलं. तिने ओठावर बोट ठेवलं. मोठ्या माणसांच्या खोलीत असं कुणी करत नाही. सगळे गप्प झाले.

दुरून खिळेवालीचा आवाज येत होता. कुणाच्यातरी घड्याळाबद्दल होतं. सेल नव्हे, किल्ली जास्त फिरवलीत, असं ती समजावत होती, बघा, इथे हात लावून बघा, किती ताणलंय ते. मग मध्येच दुसरी घंटा. दुसरी पावलं, हलकी, उलट दिशेने, फोनच्या अगदी जवळून गेली. एक शिंक. समितीतल्या एका बाईंनी दचकून टेबलावरचा हात उचलला. मग पावलं परत यायला लागली, लाकडावरून फरशीवर, फरशीवरून लाकडावर, आणि फोन उचलल्याची खरखर झाली. बाईला धाप लागली होती.

“हॅलो, मॅडम? आहात का?”

“आहे,” ती म्हणाली. “पण आता एकटी नाही. समितीसमोर फोन ठेवलाय. सगळे ऐकतायत. तुम्हाला न विचारता ठेवलाय, ती माझी चूक.”

 आता ही बाई काय करेल ते तिला माहीत नव्हतं. तिच्या जागी आपण काय केलं असतं ते मात्र माहीत होतं. बाई फोन ठेवू शकत होती. बाई कुळकथा लावू शकत होती, अकरा जणांची, फळीवर व्यालेल्या मांजरासकट, आणि ही सगळी माणसं माना खाली घालून ती लिहून घेऊ शकत होती. साहेबांनी पुढच्या गावाचा नकाशा हळूच गुंडाळला. कागदाचा तेवढा आवाज झाला. मग पलीकडे कुणीतरी कुणालातरी काहीतरी विचारलं, कुणीतरी हूं म्हटलं, आणि खिळेवालीने घसा खाकरला.

“लिहून घ्या,” ती म्हणाली. “आम्ही पाच जण आहोत.”